गालिच्यातला होला

शरणप्पानं गालिच्यात दोन्ही हात खुपसायचा प्रयत्न केला. ज्वारीच्या राशीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणा वर काढायचा, हुंगायचा आणि जिभेवर टाकायचा, एवढ्यावर माल पसंत करणारा हा नळदुर्गचा आडत्या. पण गालिचा बोटभर जाड, तिथं कोपर जाणार कुठं? मग त्यानं लोकरीचं एक तूस उपसलं आणि दाताखाली धरलं.

"अप्पा," भिंतीला टेकून बसलेले बाबामियाँ म्हणाले, "चावून काय कळायचं न्हाय. लोकर हाय ती, हुरडा न्हाय."

"मग कशानं कळतंय?"

"उलटा करा. गालिचा पाठीवरनं बघायचा असतोय. तोंडाला रंग फासता येतोय, पाठीला न्हाय."

जहागिरी गेल्या त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. जहागीरदारांच्या देवडीतल्या, म्हणजे वाड्यातल्या, हंड्या, झुंबरं, पलंग, सगळं एकेक करून दाराबाहेर पडलं होतं आणि मोठ्या दालनात हा एक इराणी गालिचा तेवढा मागं राहिला होता. दालनाच्या टोकाला पडदा. पडद्यामागं जहागीरदारांच्या विधवा हमिदाबी. त्यांना उद्याच्या मोटारीनं हैदराबादेला लेकीकडं जायचं होतं, कायमचं. गालिचा विकला गेला तर चार पैसे गाठीला बांधून जाता येणार होतं; नाही तर जावयाच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं.

विकणारी पडद्यात, घेणारा आडत्या. मध्ये पारखी कोण, तर बाबामियाँ रफूगर. नळदुर्गात इराणी माल ओळखणारा दुसरा माणूस नव्हता. तसं बाबामियाँनी इराण कुठं बघितलं होतं म्हणा. पण सोलापूरच्या पलीकडं न गेलेला हा माणूस इराणच्या गल्ल्या अशा सांगायचा, की ऐकणाऱ्याच्या पायाला धूळ लागावी. हाच गालिचा त्यांनी एकदा धुवायला बोरी नदीत घातला, तर गालिच्यानं एवढं पाणी पिलं की किल्ल्यातले नर-मादी धबधबे दोन दिवस कोरडे पडले. तिसऱ्या दिवशी सोळा माणसांनी गालिचा पिळला, तेव्हा खालच्या अंगाला पूर आला आणि एक म्हैस वाहून गेली. म्हैस कुणाची तेही बाबामियाँ सांगत. आणि ज्याचं नाव घेत, तो पारावर बसलेला असला तर म्हैस आठवून हळहळायचा.

मात्र सुई हातात असली की या माणसाच्या तोंडून थाप निघत नसे. शेरवानी दुरुस्तीला आली की आधीच सांगायचे, रफू इथं दिसेल, इथं दिसणार नाही. गाव त्यांच्या गोष्टींना हसायचं आणि कपडे त्यांच्याकडंच टाकायचं.

आज मात्र त्यांना ना गोष्टीचा हुरूप होता, ना कामाचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गुडघे कुरकुरत होते. तरी ते उठले, शरणप्पाला हाताला धरून गालिच्याच्या एका टोकाला उभं केलं.

"हितनं बघा. कसा दिसतोय?"

"उजळ."

"आता त्या टोकाला चला."

शरणप्पा गेला. वळून बघितलं. तोच गालिचा तिकडून सांज झाल्यासारखा गडद दिसत होता. लाल होतं ते डाळिंबी झालं, निळं होतं ते जांभळाकडं गेलं.

"लोकर एका अंगाला निजलेली असती," बाबामियाँ म्हणाले. "आता हितं बोटानं फाका. वरचा रंग उतरलाय, मुळाशी बघा कसा जिता हाय. ओलं फडकं घासा, डाग येतोय का बघा. हा निळा पट्टा मधीच फिका पडलाय न्हवं? ती खोट न्हाय. एका खेपंला रंगवलेली लोकर सरली, दुसऱ्या खेपंची घातली. माणसानं केल्याची खूण हाय ती."

शरणप्पा मांडी घालून बसला. त्याला हा गालिचा पाहिजे होता, याचं कारण सरळ होतं. संध्याकाळी सोलापूरचे व्याही यायचे होते. सोलापूरकरांना चादरीचं काय कौतुक. पण इराणी गालिच्यावर त्यांना बसवलं असतं तर निम्मी बोलणी बसल्या बसल्याच झाली असती. मात्र मघाशी तो दाखवण्यासाठी घेणार होता. आता त्याच्या तळहाताला गालिचा लागला होता. काठाकाठानं बसलेल्या पाखरांवरून तो हात फिरवत चालला आणि एका कोपऱ्याशी थांबला.

"बाबामियाँ, हे बघा. हे खरं काम. बाकी सगळी पाखरं खिळा मारल्यागत समोर बघत्यात. ह्यानं मान वळवून मागं बघितलंय. आत्ता उडंल. असलं आपल्याकडं कोन करणार हो?"

बाबामियाँनी तिकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"म्या ह्याच्यासाठीच घेतो, बगा," शरणप्पा म्हणाला. "फकस्त तुमी जबान द्या. सगळा इराणचा हाय ना?"

पस्तीस वर्षांमागं जहागीरदारांच्या हुक्क्यातला निखारा नेमका त्या कोपऱ्यात पडला होता. वीतभर भोक. तिथलं पाखरू चोचीसकट जळालं. जहागीरदार म्हणाले, हैदराबादेहून कारीगर बोलावतो. आणि बाबामियाँच्या तोंडून निघून गेलं, कशाला, मी आहे की. जीभ पुढं धावायची, हात मागून यायचे. रफू वेगळा आणि गाठीचं काम वेगळं; ते त्यांच्या बापानंही केलेलं नव्हतं. घरी येऊन ते डोक्याला हात लावून बसले. बायकोनं, कुलसुमबीनं, भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैं देखूं क्या?"

मग गालिचा जनान्यात नेला आणि तीन महिने ती रोज तिथं गेली. काठावरची एक गाठ सुईनं सोडवायची, कशी बांधली होती ते बघायचं, पुन्हा बांधायची. बोटांना वळण पडेपर्यंत एवढंच केलं. धनगराकडून लोकर आणली, चातीवर कातली. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा. नखं ईदपर्यंत निळी राहिली. जळालं ते कुठलं पाखरू होतं, कुणालाच सांगता येईना. जनान्याच्या खिडकीत एक होला, कबुतराचा धाकटा भाऊच, येऊन बसायचा आणि माणसाची चाहूल लागली की मान मागं वळवायचा. तिनं तोच बसवला.

जहागीरदारांनी चार माणसांत शेला दिला, तो बाबामियाँना. त्यांनी तो घेतला. त्या दिवशी सांगता आलं असतं. पुढच्या पस्तीस वर्षांत कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. तिनं कधी विचारलं नाही, म्हणून ते राहून गेलं. कुलसुमबीला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. तिनं शिवलेल्या गोधड्या फाटून चिंध्या झाल्या. जगात तिच्या हातचं एवढं वीतभर उरलं होतं, आणि ते आता इराणच्या नावावर घराबाहेर चाललं होतं.

"बोला की," शरणप्पा म्हणाला.

सांगितलं तर सौदा मोडणार आणि पडद्यामागची बाई अडकणार. नाही सांगितलं तर हातातल्या सुईशी पहिल्यांदा खोटं, आणि कुलसुमबीशी शेवटचं. बाबामियाँनी घसा खाकरला.

"अप्पा, बाकी सगळा इराणचा. ते पाखरू न्हाय."

"मग?"

"नळदुर्गचं हाय. होला हाय त्यो. माझ्या घरातनं केलाय."

शरणप्पानं त्यांच्याकडं बघितलं. आधी त्याचं पोट हललं, मग खांदे, मग तो डोळे पुसायला लागला.

"बाबामियाँ, म्हशीचं आमी ऐकून घेतलं. आता ह्येबी?"

"खरं बोलतोय."

"म्हशीच्या टायमालाबी असंच म्हनला हुता."

"मागनं बघा की. तिथल्या गाठी डाव्या अंगाला झुकल्यात. ती डावखुरी व्हती."

शरणप्पानं कोपरा उलटवला. नाक टेकवून बघितलं. बोटानं चाचपलं. "मला सगळ्या एकसारख्याच दिसतेत," तो म्हणाला. काम एवढं चांगलं उतरलं होतं, त्याला कोण काय करणार.

"बीबीसाहेबांना इचारा. त्यांच्या डोळ्यांदेखत केलंय."

शरणप्पा हसायचा थांबला आणि पडद्याकडं वळला. पडद्याची एक चुणी आतून कुणीतरी मुठीत धरली आणि तशीच धरून ठेवली.

"गालिचा इरान का है, अप्पा," हमिदाबींचा आवाज आला. "पूरा. बाबामियाँ कू किस्से बनाने की आदत है, तुमना मालूम."

खांद्यावरचा रुमाल काढून बाबामियाँनी तो शरणप्पाच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. सौद्याची रीत ती. भाव तोंडानं नाही बोलायचा, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा. मग ते पडद्याशी गेले आणि तेवढेच ठोके चौकटीवर वाजवले. आतून बांगड्या वाजल्या. पुन्हा रुमाल, पुन्हा चौकट. तिसऱ्या खेपेला बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे कबूल.

शरणप्पा गाडी आणायला गेला. बाबामियाँ गुडघ्यावर बसून गालिचा गुंडाळायला लागले.

"बाबामियाँ," पडद्यामागून हलक्या आवाजात आलं, "मैं क्या करती?"

"कुछ नक्को बोलो, बीबी. मोटर सवेरे की है ना? पानी की सुराही साथ रखो. रास्ते में पानी अच्छा नहीं मिलता."

शरणप्पाच्या सोप्यात गालिचा पसरायलाही बाबामियाँच लागले. त्याची बायको रुद्रम्मा आधी उंबऱ्यातच उभी राहिली. परक्याच्या पायाखालची वस्तू घरात घ्यायची म्हणजे प्रश्नच होता. "लोकरीचा हाय न्हवं?" तिनं विचारून घेतलं. "मग चालतंय, लोकरीला इटाळ न्हाय. आमचे गुरू जंगमअय्या घोंगडीवरच बसतेत." तिनं दोन चौरंग आणून पाखराच्या दोन्ही अंगाला ठेवले, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

दिवेलागणीला व्याही आले. आल्या आल्या त्यांना पाखरू दाखवण्यात आलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, आणि बोलणी खरंच बसल्या बसल्या निम्मी झाली. बाबामियाँ बाहेरच्या ओट्यावर दाराशी बसून चहा पीत होते. त्यांच्यासाठीचा कप ओट्यावरच्या कोनाड्यात असायचा.

"कोन करत असंल हो असलं?" व्याह्यांनी विचारलं.

"आमचे बाबामियाँ सांगतेत की," शरणप्पा म्हणाला. "बाबामियाँ, इराणची एखादी सोडा."

बाबामियाँनी बशीत चहा ओतला. आज नको, घसा बसलाय, असं म्हणायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं.

"इराणात एक बाई व्हती. डावखुरी. तिचा नवरा नुसता बोलघेवडा. राजाचा गालिचा जळाला, तर हा म्हनला, म्या करतो. आन् येत कायबी न्हाय."

सोप्यात हशा पिकला.

"मग बाईनं केलं. तीन म्हयनं. गाठ मारताना जीभ दातात धरायची. नखं निळी झाली, ईदपत्तुर गेली न्हाईत. भाकरीलाबी निळी बोटं उमटायची. नवरा ती भाकर खायाचा आन् पारावर जाऊन राजाच्या गोष्टी सांगायचा."

"आन् राजानं काय दिलं?" व्याही म्हणाले.

"शेला. नवऱ्याला."

"त्यानं घेतला?"

"घेतला."

व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. असली गोष्ट सोलापुरात ऐकली नव्हती म्हणाले. आतल्या दारातून रुद्रम्मा पुढं आली. ती हसत नव्हती.

"आन् ती काय म्हनली?"

"काय न्हाय, माय. भाकर वाढली."

"नाव काय व्हतं तिचं?"

बाबामियाँच्या गोष्टीत म्हशीलासुद्धा मालक असायचा. सगळे वाट बघत राहिले. बाबामियाँनी बशीतला चहा संपवला, तांब्यातलं पाणी घेऊन कपबशी विसळली आणि कोनाड्यात पालथी घातली.

"तिकडं बायांची नावं भाईर घेत न्हाईत," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावून पायानं पायरी चाचपत खाली उतरले.