झूम लेन्सची पहिली ओळख, दुरुस्तीसह

मित्रांनो, मी कॅमेऱ्याची एक जुनी झूम लेन्स आहे. माझा काळा रंग कडांना उडाला आहे आणि अंगावरचे आकडे बोटांनी पुसत आणले आहेत. पण म्हातारपणाचे रडगाणे मला गायचे नाही. मी नवी कोरी होते, तेव्हा माझ्यावर एक आळ आला होता. तो कसा आला आणि कसा उतरला, तेवढेच सांगते.

माझा जन्म एका शांत कारखान्यात झाला. तिथे बोलायलासुद्धा बंदी होती, कारण बोलताना तोंडातून बाष्प उडते. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात अठरा भिंगे एकामागून एक बसवली. त्यांतले एक भिंग मोकळे आहे. फोटो काढणाऱ्याचा हात थरथरला, तर ते उलट बाजूला सरकून चित्र सावरून घेते. कॅमेरा तिपाईवर, म्हणजे ट्रायपॉडवर, ठेवला की एक खटका दाबून त्या भिंगाला झोपवायचे, म्हणजे बंद करायचे असते. आमच्या जातीला स्टँडर्ड झूम म्हणतात. आम्ही अख्खी खोली दाखवतो आणि रिंग फिरवली की त्याच खोलीतल्या माणसाच्या चष्म्यावरचा ओरखडाही दाखवतो. थोडक्यात, आम्ही रोजच्या कामाच्या.

माझे मॉडेल बाजारात आले त्याच आठवड्यात मला एका गृहस्थांनी विकत घेतले. सगळे त्यांना पारखी म्हणत. एका मासिकात ते नव्या लेन्सविषयी लिहीत. पहिल्या आठवड्यात 'पहिली ओळख' आणि महिनाभर वापरून झाल्यावर 'पक्की ओळख', असे त्यांचे दोन लेख असत. कंपन्या त्यांच्याकडे लेन्स पाठवायला एका पायावर तयार असत, पण ते घेत नसत. पाहुणी म्हणून आलेली लेन्स गोडच वागते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ते साध्या गिऱ्हाइकासारखे दुकानात जात आणि समोर येईल तो डबा उचलत. अशीच मीही त्यांच्या हाती लागले.

त्यांच्या घराच्या माडीवर लाकडी जमिनीची एक खोली होती. एका भिंतीवर वर्तमानपत्राची पाने टाचण्यांनी ताणून लावलेली. समोर तिपाईवर कॅमेरा. खिडकीतला मंद उजेड आणि एकेक सेकंदाचे फोटो. त्या जमिनीला फार चटकन कंप सुटे. म्हणून पारखी कॅमेऱ्याचे बटण दाबत आणि दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघायच्या आत दाराबाहेर जाऊन जिन्यात उभे राहत. फोटो निघाल्याचा आवाज आला की परत आत. एका लेन्ससाठी ते अशा साठ-सत्तर खेपा घालत. धाकटी बहीण त्यांना चिडवायची, की दादा, लोक देवळाला प्रदक्षिणा घालतात, तू जिन्याला घालतोस.

मी आले तेव्हा मात्र त्यांच्या फुप्फुसांनी साथ सोडत आणली होती. त्यांची मुलगी त्यांच्याजवळ राहायला आली होती. ती पुस्तकांची मुद्रिते तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणे हा आमच्या घराण्याचा धंदाच आहे, असे बापलेक एकमेकांना ऐकवत. ती खाली बसून लाल पेनाने खुणा करी आणि वर मी व पारखी आमचे काम करत असू. त्यांच्या हातात मी फार सुखात होते. टोपण काढण्यापूर्वी ते बोटे रुमालाला पुसत. इतका मान मला पुढे कोणी दिला नाही.

सातव्या दिवशी त्यांनी लिहिले: "लेन्स हातात नीट बसते. झूमची रिंग अजून अवघडलेली आहे, वापराने मोकळी होईल. भर उजेडातले फोटो लख्ख. मात्र मंद उजेडात तिपाईवरून घेतलेले फोटो किंचित धूसर येतात. आतले सावरणारे भिंग झोपवले तरी पुरते झोपत नसावे. पक्के महिन्याने सांगेन."

मित्रांनो, माझे भिंग गाढ झोपलेले होते. पण मी बोलणार कशी?

लेख छापून आला. लोकांनी शेवटचे वाक्य वाचले नाही. पारखींनी म्हटले म्हणजे झाले. दुकानदार सांगत होता, की माझ्या भावंडांची खोकी तशीच पडून आहेत, गिऱ्हाईक हातही लावत नाही. पारखींना ते आवडले नाही. पहिली ओळख चुकू शकते, म्हणून तर दुसरी लिहायची, असे ते फोनवर दोघा-तिघांना म्हणाले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि फोन मुलीने घेतला.

एकोणिसाव्या दिवशी पारखी गेले.

माडीवरची खोली बंद झाली. तिपाई, खुर्ची, भिंतीवरची पाने, सगळे होते तिथेच राहिले. मी कॅमेऱ्यावर तशीच होते. टोपण लावलेले होते, त्यामुळे मला काही दिसत नव्हते.

तीन आठवड्यांनी संपादकांचा फोन आला. वाचक पक्क्या ओळखीची वाट पाहत होते. काही नवे लिहायची गरज नाही, वडिलांचे मत कायम आहे एवढ्या दोन ओळी मुलीने द्याव्यात, बाकीचे पान ते आदरांजलीने भरतील, असे त्यांनी सुचवले. ती म्हणाली, महिना भरलेला नाही. उरलेले अकरा दिवस मी भरते.

तिला फोटोतले फारसे कळत नव्हते, पण वडिलांची वही तिच्याजवळ होती. वहीत लिहिल्याबरहुकूम ती करत गेली. भिंतीपासूनचे अंतर तेच, खिडकीचा पडदा तेवढाच उघडा, खटका दाबून माझे भिंग झोपवलेले. बटण दाबून ती जिन्यात गेली. परत येऊन पाहते तर वर्तमानपत्रातले बारीकातले बारीक अक्षर स्वच्छ.

आपलेच काहीतरी चुकले, असे तिला वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकही फोटो धूसर येईना. मी मनात फुलून गेले होते, हे कबूल करते. तिचा चेहरा मात्र उतरत चालला होता. ज्या माणसाने तीस वर्षांत एक शब्द उगाच लिहिला नाही, त्याचा छापलेला शेवटचा शब्द खोटा ठरत होता, आणि तो तिच्या हातून ठरत होता.

आत्या चहा घेऊन वर आली. तिने सगळे ऐकून घेतले आणि कप खिडकीत ठेवला.

"दादा गेला. आता त्याच्या चुका काढायच्या तेवढ्या राहिल्यात का?"

"तसं नाही, आत्या."

"मग कसं? एका काचेच्या तुकड्यापायी तू त्याला सगळ्यांपुढे खोटं पाडणार. ती लेन्स काय रडत येणार आहे का तुझ्याकडे?"

आत्या खाली गेली. कप तसाच राहिला आणि चहा गार झाला.

मग मुलीने ती वही पुन्हा हातात घेतली. मुद्रिते वाचताना वाचायची तशी, अर्थाकडे लक्ष न देता, अक्षर अन् अक्षर. प्रत्येक चाचणीखाली पारखींनी चार गोष्टी टिपलेल्या असत. उजेड, अंतर, खटका आणि 'मी', म्हणजे फोटो निघताना ते स्वतः कुठे होते ते. त्या 'मी'पुढे वर्षानुवर्षे एकच शब्द होता. मी: जिन्यात. मी: जिन्यात. पानेच्या पाने तेच. माझ्या पानावर ती आली आणि तिचे बोट थांबले.

मी: खुर्चीत.

उठून बाहेर जाणे त्यांना जमत नव्हते. म्हणून ते तिपाईशेजारी खुर्ची टाकून बसत आणि बसल्या बसल्या बटण दाबत. त्यांनी ते लपवले नव्हते. प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. फक्त त्याचा हिशेब धरायला ते विसरले.

मुलगी त्या खुर्चीत बसली. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. खुर्चीचे आणि तिपाईचे पाय एकाच लांब फळीवर टेकलेले होते. तिने बटण दाबले आणि श्वास रोखून धरला. फोटो स्वच्छ आला. मग तिने पुन्हा बटण दाबले आणि वडील घ्यायचे तसा श्वास घेतला. खांदे वर ओढून, छाती भरता भरत नाही असा. दोन महिने तो श्वास तिने भिंतीपलीकडून ऐकला होता, तिला तो शिकावा लागला नाही. फळी अगदी केसभर हलली. मला ते कळले. त्यांच्या वेळीही कळत होते, पण तो त्यांचा श्वास आहे हे मला कुठे ठाऊक होते?

तो फोटो धूसर आला. अगदी त्यांच्या फोटोंइतकाच.

मग तिने आत्याला वर बोलावले आणि वहीचे पान पुढे केले.

"चूक मी काढली नाही, आत्या. बाबांनीच लिहून ठेवलीय. वाच."

आत्याने ते दोन शब्द वाचले. खुर्चीकडे पाहिले. मग पदराने उगाचच खुर्चीची पाठ पुसली आणि म्हणाली, "जिना चढून वर यायचाच कशाला हा माणूस."

अकरा दिवस भरल्यावर मुलीने लेख पाठवला. आदरांजलीचे पान तिने नको म्हटले. लेखात हे होते: "ही लेन्स निर्दोष आहे. पहिल्या ओळखीत नोंदलेला धूसरपणा लेन्सचा नव्हता. चाचणी घेणारे आजारी होते आणि त्यांच्या श्वासाने लाकडी जमीन हलत होती. ही दुरुस्ती त्यांच्याच वहीच्या आधारे केली आहे. महिना पूर्ण झाला."

खाली नाव पारखींचेच होते. तिने स्वतःचे घातले नाही.

माझी भावंडे घरोघरी गेली, असे दुकानदाराने कळवले. मी मात्र याच घरात राहिले. लेख छापून आला त्या दिवशी मुलगी चाचणीचे फोटो आवरत होती. सगळे सारखे, एकाच वर्तमानपत्राचे. आत्या शेजारी येऊन बसली. यातला एक मला दे, म्हणाली. मुलीने चांगल्यातला चांगला, लख्ख फोटो निवडून तिच्या हातात दिला. आत्याने तो परत केला.

"हा नको. दादा आत बसला होता ना, त्यातला दे."

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. लग्ने पाहिली, बाळे पाहिली, चार-दोन वेळा टेबलावरून पडलेही. कधी कोणी मला कपाटात विसरले आणि माझ्या भिंगांवर बुरशीची जाळी धरली, तीही कोणीतरी काढली. तुमच्या घरात एखादी माझ्यासारखी असेल, तर तिला कोरड्या जागी ठेवा, टोपण लावा, फुंकर मारू नका, मऊ कापडाने पुसा. आणि तिच्या चित्रात काही अस्पष्ट दिसले, तर तिला लगेच नावे ठेवू नका आणि तो फोटो फेकूनही देऊ नका. फोटो निघाला तेव्हा खोलीत कोण होते, ते आधी विचारा.