सात वेळा नाही

लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती स्वतःच्या वडिलांच्या कॉम्प्युटरपुढे आठवडाभर हात टेकून बसली होती.

बाबा दूरच्या गावी एकटे. आई गेल्यापासून लेक रोज सकाळी, कामाला लागण्याआधी, आपल्या घरूनच, दूरचा कॉम्प्युटर जोडणाऱ्या एका प्रोग्राममधून, त्यांच्या स्क्रीनवर डोकावायची. बाबा स्क्रीनवर एकट्यानं पत्ते लावताना दिसले, एखादी दुर्री उगीच अडवून ठेवलेली दिसली, की तिच्या जिवात जीव यायचा. फोन केला तर पाऊण तास जायचा. हे दोन मिनिटांत उरकायचं. बाबांना मात्र तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. आता एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं!

मग तिनंच हौसेनं त्यांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला नुसती काळीकुट्ट स्क्रीन दिसायला लागली. तिनं पासवर्ड तपासला, फायरवॉल बघितली, जोडणीचा प्रोग्राम काढून पुन्हा घातला. ढिम्म. बाबांना विचारावं तर सगळं मुळापासून सांगावं लागणार. फोनवर ते "बरं आहे" म्हणत, पण ते तर तापानं फणफणले असतानाही तेच म्हणत. बाबा उठले की पडले, काही कळेना, आणि कामात तिचं लक्ष लागेना.

सातव्या दिवशी तिला सुचलं, चित्र दिसत नसलं तरी त्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी इथून वाचता येतील. वाचल्या. रोज सकाळी तीच ओळ: वापरणाऱ्याने परवानगी नाकारली. हात्तिच्या! नवी सिस्टिम आधी बाबांना विचारत होती, आणि बाबा चक्क नाही म्हणत होते. कॉम्प्युटर बिचारा ठणठणीत होता.

तिनं पुन्हा एकदा जोडणी लावली आणि फोन केला.

"बाबा, स्क्रीनवर एक चौकट आलीय का?"

"आलीय ना. रोजच येते. कुणाला तरी माझी स्क्रीन बघायचीय म्हणे. मी नाही दाबतो. तूच बजावलंयस, अनोळखी काही आलं की सरळ नाही म्हणायचं."

"अनोळखी नाही, बाबा. मी असते ती."

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून. रोज." बोलता बोलता तिला स्वतःचीच लाज वाटली. "रागावलात?"

"रोज यायचीस," बाबा म्हणाले, "आणि मी इथं शेजारणीला सांगत बसायचो, लेकीला कामातून सवड नसते म्हणून. एकदा हाक तरी मारायचीस."

"चुकलं माझं."

"बरं, आता काय दाबू?"

"नाहीच दाबा." तिनं लॅपटॉप मिटला. "तुम्ही सांगा, रात्री झोप लागते का नीट?"

"कसली लागतेय," बाबा म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून रोज तीनलाच जाग येते."