मी आपोआप फिरत नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चकती आहे. एका चायनीज हॉटेलात खिडकीजवळ एक गोल टेबल आहे. त्याच्या मधोमध मला बसवले आहे. माझ्यावर पदार्थ मांडतात आणि मला फिरवून ज्याला जे हवे ते तो आपल्यासमोर आणतो. गेल्या सत्तावीस वर्षांत मी एकदाही आपोआप फिरलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते. का, ते पुढे कळेल.

मला एका सुताराने घडवले. तो शेवटचा हात फिरवत असताना त्याची पटाशी घसरली आणि माझ्या कडेला नखाएवढी खाच पडली. हॉटेलच्या आताच्या मालकांची आई मला न्यायला आली होती. सुतार ओशाळून म्हणाला, "थोडे पैसे कमी द्या." ती म्हणाली, "राहू दे खाच. पुढची बाजू कुठली ते कळेल तरी."

ती होती तोवर माझे दिवस चांगले गेले. दर सोमवारी ती मला उचलून, मी जिच्यावर फिरते ती छर्‍यांची कडी पुसायची आणि तीत शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडायची. तेव्हा एका बोटाने ढकलले तरी मी गोल फिरून यायचे. गिर्‍हाइके कौतुक करायची. ती गेल्यावर हॉटेल मुलाकडे आले. मुलगा वाईट नाही, पण त्याला वरचे तेवढे दिसते. माझी पाठ कोणी पुसेना, तेल कोणी घालेना. गिर्‍हाइकांनी माझ्यावर गरम किटल्या टेकवल्या, गाडीच्या किल्ल्या आपटल्या. पोरांनी मला भिंगरीसारखे गरगरवले आणि आईबाप हसत बसले. मी कुरकुरायला लागले. मग जोर लावून ढकलल्याशिवाय मी हलेनाशी झाले. ही गोष्टही लक्षात ठेवा.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी माझ्या टेबलावर एक आत्या आणि तिचा भाचा जेवायला येतात. आत्याने तीस वर्षे कपडे शिवले. भाच्याला ती 'छोट्या' म्हणते. छोट्या आता इतका उंच झाला आहे की हॉटेलच्या दारातून वाकून आत येतो. त्याच्या शाळेचे सगळे सदरे तिनेच शिवले होते. दर परीक्षेनंतर ती त्याला इथे नूडल्स खायला आणायची. आता तो तिला आणतो.

चार वर्षांपूर्वी आत्याची नजर जाऊ लागली आणि दोन वर्षांत पुरती गेली. नातेवाइकांकडे जेवायला जाणे तिने सोडून दिले. "तिथे सगळे मला घास भरवायला बघतात," ती एकदा म्हणाली होती. "डोळे गेलेत, हात आहेत माझे."

माझ्या टेबलावर मात्र ती आपल्या हाताने जेवायची. त्याची एक रीत त्या दोघांनी बसवली होती. वाढपी भाताची बशी माझ्या खाचेशी ठेवायचा. भाताच्या उजवीकडे भाजी, डावीकडे नूडल्स आणि बरोबर समोर, सगळ्यांत लांब, गरम सूप. आत्या अंगठ्याने खाच चाचपून ती आपल्यापुढे आणायची. मग पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, की हवा तो पदार्थ तिच्या हाताशी. नियम एकच होता. मला हात लावण्याआधी 'फिरवतोय' असे तोंडाने म्हणायचे. दोन वर्षे दोघांनीही तो पाळला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना पत्ताही लागायचा नाही की या बाईंना दिसत नाही. तिला तेवढेच तर हवे होते.

आता त्या शनिवारचे सांगते.

वाढपी पदार्थ मांडून गेला. भातावर त्या दिवशी गाजराचे कोरलेले फूल होते. आत्याने खाच चाचपली, मला नीट लावले आणि मांडीवर रुमाल पसरायला हात मागे घेतला. तेवढ्यात समोर बसलेल्या छोट्याला फुलाचा फोटो काढावासा वाटला. त्याने फोन काढला आणि मला जोर लावून अर्धा फेरा फिरवले. भात त्याच्यापुढे गेला. सूप आत्यापुढे आले. तो काहीच बोलला नाही.

आत्याने भातातला चमचा घ्यायला हात नेला. तिची चार बोटे उकळत्या सुपात गेली.

मी कुरकुरले होते, मित्रांनो. पण त्याच वेळी शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुर्ची ओढली, आणि माझा आवाज त्यात गेला.

ती ओरडली नाही. हात छातीशी धरून तिने फक्त विचारले, "मी चुकले का रे?"

छोट्याने तोंड उघडले. मला वाटले, आता सांगेल. तो म्हणाला, "असू दे आत्या. होतं असं कधी कधी."

वाढपी तिला हात थंड पाण्याखाली धरायला आत घेऊन गेला. मालक धावत आले. "काय झालं?" छोट्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमचं हे चाक आपोआप फिरलं. बघा जरा, कुणाचा तरी जीव जाईल."

दुसर्‍या दिवशी सकाळी मालकांनी मला चार स्क्रू मारले, आरपार, खालच्या टेबलापर्यंत. खाच भिंतीकडे राहिली. मला कोणी विचारले नाही. मला विचारत नाहीतच. पण तेलाचा थेंब नसलेली चकती आपोआप कशी फिरेल, एवढे तरी त्यांनी स्वतःला विचारायला हवे होते. फिरायचे सोडून मी पाटासारखी पडून राहिले. त्या महिन्यात मी एवढी संतापले होते की लाकूड नसते तर पेटले असते असे म्हणणार होते. पण पेटते ते लाकूडच.

पुढच्या पहिल्या शनिवारी ती दोघे आली. आत्याची बोटे बरी झाली होती, पण ती खुर्चीत अंग चोरून बसली. मांडीवरचा हात वर काढेना.

"आज मी भरवतो तुला," छोट्या म्हणाला. "तू फक्त तोंड उघड."

"भरव," ती हळूच म्हणाली. "माझ्या अंदाजाचा आता भरवसा नाही."

हे तिच्या तोंडून ऐकायला लागले, याचा मला माझ्या स्क्रूंपेक्षा जास्त राग आला.

पण सवय ती सवय. बोलता बोलता तिचा अंगठा माझ्या कडेला आलाच. खाच सापडेना. तिने मला ढकलले. मी हलले नाही.

"हिला काय झालं?"

वाढपी म्हणाला, "पक्की करून टाकली, ताई. मागच्या वेळी आपोआप फिरली ना."

"आपोआप?" आत्या ताठ बसली. "कोण म्हणालं?"

वाढप्याने छोट्याकडे बघितले. छोट्या म्हणाला, "आत्या, जाऊ दे ना. आधी जेवण मागवू."

"मी विचारलं, कोण म्हणालं?"

छोट्या मेनूकार्ड चाळू लागला.

"तीस वर्षं मशीन चालवलंय मी," आत्या म्हणाली. "पाय मारल्याशिवाय चाक फिरत नाही. आणि ही कुरकुरी तर दोन हातांनी ढकलावी लागते. छोट्या, माझी पर्स दे."

पर्समधून तिने मशीनचा स्क्रूड्रायव्हर काढला, बोटाएवढा. नजर गेल्यावरही तिने तो पर्समधून काढला नव्हता. मालक लगबगीने आले. "बाई, तुम्ही कशाला? आम्ही काढतो."

"तुम्ही लावलेत तेवढं पुरे."

तिने नखाने पहिल्या स्क्रूची खोबण शोधली. तो निघाला. तिने तो छोट्याच्या रिकाम्या बशीत टाकला. टण. दुसरा. टण. तिसरा अडला, तेव्हा छोट्याने "दे इकडे" म्हणत हात पुढे केला.

"तू बशी धर," ती म्हणाली.

तिसराही निघाला. चौथ्याला तिने स्क्रूड्रायव्हर लावला, तेव्हा छोट्या खाली मान घालून म्हणाला, "मी फिरवलं होतं, आत्या. फोटोसाठी."

तिचा हात थांबला नाही. "महिनाभर मला वाटत होतं, माझाच हात चुकला. तू वाटू दिलंस."

"हो."

"फोटो चांगला आला का?"

"पुसून टाकला."

"म्हणजे तोही नाही." टण. चौथा स्क्रू बशीत पडला. "सांग ह्यांना. मी नको, तू सांग."

छोट्या उठला आणि भरल्या हॉटेलात, उभ्याने, त्याने मालकांना खरे काय ते सांगितले. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची दया आली नाही.

आत्याने पर्समधून मशीनच्या तेलाची कुपी काढून वाढप्याला दिली. त्याने मला उचलले आणि कितीतरी वर्षांनी माझी पाठ पुसली गेली. मग पदार्थ आले, भात खाचेशी. आत्याने अंगठ्याने खाच आपल्यापुढे आणली आणि भात वाढून घेतला. मग मान वर करून मोठ्याने म्हणाली, "फिरवतेय."

छोट्याने दोन्ही हात टेबलावरून खाली घेतले.

मित्रांनो, ती चार भोके माझ्या अंगावर अजून आहेत. त्यांत सॉस साचतो आणि तो कोणी काढत नाही. त्याचे मला आता काही वाटत नाही. तुमच्याकडे एवढेच मागते. ज्या वस्तूवर दुसर्‍याचा भरवसा असतो, तिला हात लावण्याआधी एक शब्द बोला. आणि तो राहून गेलाच, तर निदान नंतर खरे बोला. ज्या वस्तूकडे तुम्ही बोट दाखवता, तिला बोलता येत नाही. आणि ज्यांची बोटे भाजतात, ती माणसे स्वतःलाच चुकीचे ठरवून बसतात.