बरणीतली माती

यंदा दिवाळीत किल्ला करायचा नाही, असं सदाशिवरावांनी जाहीर केलं आणि विषय संपवला.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. साताऱ्याचा हा माणूस रेल्वेत इंजिनियर होऊन लखनौला आला आणि तिथल्या महानगर नावाच्या वस्तीतच मुरला. पण रजा मिळाली की तो आणि त्याची बायको प्रतिमाताई एक तरी गड चढून येत. उतरताना प्रतिमाताई चिमूटभर माती पदराच्या टोकाला गाठ मारून आणायच्या आणि बरणीत टाकायच्या. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याच्या चिखलात त्यातली चिमूट पडली, की सदाशिवराव म्हणायचे, "आता झाला खरा गड!"

मागच्या वर्षी प्रतिमाताई गेल्या. हवाई दलातल्या मुलाची बदली होऊन सून यंदाच इथे राहायला आली. तिला, नेत्राला, बिचारीला काय माहीत? तिनं ती माती तुळशीच्या कुंडीत ओतली आणि बरणी लोणच्यासाठी लख्ख घासली. कळल्यावर ती खूप रडली. सदाशिवराव चिडलेसुद्धा नाहीत, आणि तेच घरादाराला जड गेलं.

रविवारी नात अनुष्का त्यांना दिलकुशा कोठी बघायला ओढूनच घेऊन गेली. पडक्या भिंती, छपराचा पत्ता नाही.

"ह्यात काय बघायचं?" आजोबा कुरकुरले. "ना तट, ना पाण्याचं टाकं. नवाबाचा शिकारीचा बंगला हा!"

"टूटा हुआ है, तो किला ही हुआ ना, आजोबा?"

ते खदखदून हसले, कितीतरी महिन्यांनी. आणि लगेच डोळे भरून आले. पदर खोचून पुढे चालणारी, "चला हो, दमलात काय?" म्हणणारी प्रतिमा त्यांना आत्ता हवी होती, फार हवी होती.

वळून बघतात तर अनुष्का भिंतीपाशी उकिडवी बसलेली. ओढणीच्या टोकात माती घेतली होती, पण गाठ काही बसेना.

"आजी कैसे बाँधती थी?"

गुडघे दुखत असतानाही ते खाली बसले. गाठ मारून दिली. मग हळूच म्हणाले, "पण बाकीच्या गडांची माती गेली गं."

"गयी कहाँ? गमले में ही तो है!"

सदाशिवराव गुडघ्यांवर हात टेकून तडक उठले.

घरी येताच त्यांनी अंगणातूनच हाक मारली, "नेत्रा, तुळशीची कुंडी इकडे आण. यंदा तुळस बालेकिल्ल्यावर! आणि हे बघ, लोणचं दुसऱ्या कशात तरी घाल. बरणी लागणार आहे आम्हाला."