फिकट अक्षरांचा तपासनीस

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. शिट्टी, टोपी, काखेत वही असलं माझ्याजवळ काही नाही. संगणकाच्या पडद्यावर उघडणारी एक छोटी खिडकी आणि तिच्यात दोन चौकोन, एवढाच माझा संसार. वेबसाइट बनवणारे लोक एका चौकोनात अक्षरांचा रंग ठेवतात आणि दुसऱ्यात पानाचा. मी दोन्हींतला फरक मोजतो आणि सांगतो, ‘वाचता येईल’ किंवा ‘वाचता येणार नाही’. पापणी लवायच्या आत माझं काम झालेलं असतं.

माझा जन्म एका हिरमोडातून झाला. मला घडवणारी मुलगी तेव्हा नुकतीच वेबसाइटच्या कामाला लागली होती. तिचे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावरही बाटलीवरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय औषध त्यांच्या पोटात जायचं नाही. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला होता. उजवा डोळा रोजच्या थेंबांवर टिकून होता.

मुलीने पहिली वेबसाइट पुरी केली, तेव्हा वडिलांना खुर्चीत बसवून मोठ्या हौसेने दाखवली. पांढऱ्या पानावर पुसट राखाडी अक्षरं होती. तेव्हा फॅशनच तशी होती. वडील बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

“छान आहे गं ठकू,” ते म्हणाले, “पण पान कोरं का ठेवलंस?”

ठकू काहीतरी कारण काढून स्वयंपाकघरात गेली आणि डोळे पुसून परत आली. दुसऱ्या दिवसापासून तिने मला घडवायला घेतलं. ती रंग बदलायची आणि शेजारी बसलेले वडील सांगायचे, “दिसतंय.” “नाही दिसत.” “दिसतंय, पण डोळे ताणावे लागतात.” जाणकारांनी ठरवलेले नियम होतेच. तरी त्या उत्तरांशी ताडून बघितल्याशिवाय तिने माझं एकही माप पक्कं केलं नाही. नाव वडिलांनीच ठेवलं. “माझं काम आता हा करणार. ह्याला तपासनीसच म्हण,” ते म्हणाले.

पुढची काही वर्षं माझ्या वैभवाची होती. ठकूने मला सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुठकुठले लोक मला वापरू लागले. ‘आता आमच्या शाळेचं वेळापत्रक आजोबांनाही वाचता येतं,’ असं एका शिक्षिकेने कळवलं. अशी पत्रं वडील दोनदा वाचून घ्यायचे आणि कौतुकाच्या पत्रातलीही शुद्धलेखनाची चूक काढायचे. मग दोघंही हसायची.

हळूहळू कुरबुरी सुरू झाल्या. मी फार कटकट करतो, गिऱ्हाइकाला आवडलेला रंग नेमका नापास करतो, असं लोक लिहू लागले. शेवटी ठकूने माझ्या अंगावर एक बटण बसवलं. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘राहू दे’. ते दाबलं की मी बोलायचा थांबायचो.

मित्रांनो, त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. उलट लोकांची सोय झाली म्हणून मी खूश होतो.

ठकूला मोठ्या कचेरीत नोकरी लागली. तिच्या हाताखाली चार माणसं आली. मी तिच्या संगणकात एका कोपऱ्यात पडून राहिलो. एके दिवशी डोळ्यांच्या एका दवाखान्याचं काम आलं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने काय करायचं, हे सांगणारं पान करायचं होतं. ‘पान हवेशीर दिसू दे, मुख्य तेवढं ठळक आणि बाकीचं मागे मागे,’ असं साहेबांचं म्हणणं होतं. ठकूने तसं केलं आणि फार दिवसांनी मला उघडलं.

मी सांगितलं, ‘वाचता येणार नाही’.

तिचा हात थांबला. साहेब खुर्चीमागे उभेच होते. “अहो, दुपारी दाखवायचंय हे. एका बारीक ओळीच्या रंगापायी किती वेळ अडून बसणार?”

ठकूने ‘राहू दे’ दाबलं.

दोनेक महिन्यांनी वडिलांच्या त्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि त्याच दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. ती चांगली पार पडली. घरी आल्यावर ठकूने दवाखान्याचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. “बाबा, हे मीच केलंय. सगळं ह्याच्यात लिहिलंय,” असं म्हणून ती कामावर गेली. पानावर ठळक अक्षरांत होतं, ‘थेंब सहा आठवडे टाकावेत, मग बंद करावेत.’ वडिलांनी ते लक्षपूर्वक वाचलं. लेकीच्या हातचं पान होतं. सहा आठवडे त्यांनी एकही वेळ चुकवली नाही आणि त्यानंतर सगळ्या बाटल्या कपाटात ठेवून दिल्या.

काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने अंधार वाढत गेला. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ते कुणाला बोलले नाहीत. तपासणीला गेले तेव्हा फार उशीर झाला होता. “काचबिंदूचे जुने थेंब का थांबवलेत?” डॉक्टरांनी विचारलं. “तुमच्याच पानावर लिहिलंय,” वडील तडकून म्हणाले.

घरी येताच त्यांनी ठकूला संगणक उघडायला लावला. “वाच बघू मोठ्याने. चाळीस वर्षांत मी कधी चुकीचं वाचलेलं नाही.”

ती वाचू लागली. ठळक ओळ वाचून झाली आणि तिचा आवाज बंद झाला.

“पुढे?”

“खाली एक ओळ आहे, बाबा.”

“मग वाच की.”

“‘काचबिंदूचे थेंब मात्र चालूच ठेवावेत.’”

ते हळूच म्हणाले, “मला दिसली नाही गं ती.”

ठकूने मला उघडलं आणि ते दोन रंग पुन्हा माझ्यासमोर ठेवले. मला दुसरं काय येतं? मी तेच सांगितलं. “तपासनीसाने तेव्हाच सांगितलं होतं, बाबा,” ती रडत म्हणाली. “मीच त्याला गप्प केलं.”

वडिलांनी चाचपडत टेबलाची कड धरली. “छापून झाल्यावर चूक सापडली की आम्ही शुद्धिपत्र लावायचो,” ते म्हणाले. “आधी ते लाव. रडायचं ते मग रड. माझ्यासारखे आणखी असतील.”

ती ओळ काळी करायला सहा मिनिटं लागली. दवाखान्याने रुग्णांना फोन केले. आणखी दोघांनी थेंब बंद केले होते, पण ते वेळेत सापडले. वडिलांच्या डोळ्यासाठी मात्र कुठलंच शुद्धिपत्र नव्हतं.

ठकूने माझ्या अंगावरचं ते बटण काढून टाकलं. तेव्हापासून बरेच लोक मला सोडून गेले. त्यांना न अडवणारी नवी साधनं मिळाली आहेत. आता दिवसाकाठी दोन-चार जण येतात, कधी कुणीच येत नाही. त्याचं मला फारसं काही नाही. मन जड होतं ते दुसऱ्याच गोष्टीने. संध्याकाळी ठकू वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. छापलेल्या चुका आता तीच सांगते आणि ते मान डोलावतात. आपल्या कामाबद्दल ती अवाक्षर काढत नाही. तेही कधी विचारत नाहीत. बाप-लेकीत कसलं भांडण नाही, तरी तेवढी एक जागा मुकी झाली आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या वेबसाइट बनवेल, कुणी सूचनाफलक रंगवेल, कुणी औषधावरची चिठ्ठी छापेल. माझ्यासारख्या साधनाला तुम्ही विसरलात तरी चालेल. पण अक्षरांचा रंग ठरवण्याआधी आपल्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, “दिसतंय का?” आणि ते ‘नाही’ म्हणाले, तर घाईत असलात तरी त्यांचं ऐका.