ठिपकेबाई

"मी पहिल्यापासून हेच सांगत आलोय," सर मंचावरून म्हणाले, तेव्हा मागच्या दाराशी उभ्या असलेल्या ठिपकेबाईंना हसू आवरेना.

पहिल्यापासून! बावीस वर्षं हा माणूस घसा ताणून सांगत होता, की आकाशगंगेच्या पट्ट्यात दिसणारं क्ष-किरणांचं धूसर तेज म्हणजे तापलेल्या वायूचं धुकं. त्या धुक्यातले अंधूक ठिपके बाई वेगळे काढत, ताऱ्यांशी ताडून पाहत. "कचरा चिवडताय," म्हणत त्यानेच त्यांना 'ठिपकेबाई' हे नाव ठेवलं होतं. आता इतरांच्या दुर्बिणींनी धुकं फोडून ठिपकेच दाखवले, तर गडी रातोरात ठिपकेवाला झाला. कोट तेवढा जुनाच.

पडद्यावर बाईंचीच ठिपक्यांची यादी होती, प्रत्येकाला नंबर दिलेली.

"ही जुळवाजुळव कुणी केली?" पाहुण्या प्राध्यापिकेनं विचारलं.

"संगणकानं."

"बरं. पण हे ठिपके आपल्याच आकाशगंगेतले कशावरून? पार पलीकडचे नसतील?"

सर पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. मग त्यांची नजर मागच्या दाराकडे वळली.

बुडू दे, बाईंच्या मनात आलं. गटांगळ्या खाताना तरी गप्प बसेल. पण प्रश्न चांगला होता. इतक्या वर्षांत तो कुणी विचारलाच नव्हता.

"काही पलीकडचे आहेतच," त्या जागेवरूनच म्हणाल्या. "पण ते सगळ्या आकाशात सारखे विखुरलेले. ते वजा केले तरी या पट्ट्यात गर्दी उरते. त्यातले काही साधे तारेच, पण तापट. काही जोड्या. एक विझलेला तारा शेजाऱ्याचा वायू ओढतो, तो वायू अंगावर आदळून तापतो. दोनशे अकरा नंबर बघा, दर चार तासांनी मंदावतो. जोडीदार आड येतो त्याच्या."

"चार तास? कसं काढलंत?" प्राध्यापिका खुर्चीत पूर्ण मागे वळल्या.

"छान, छान," सर घाईनं म्हणाले. "बाई, आता जरा चहाचं बघता का?"

सभागृहात कुणीतरी खाकरलं. बाईंनी सरांकडे नीट पाहिलं. राग यावा इतकाही ऐवज त्या चेहऱ्यावर उरला नव्हता.

"तुम्ही बघा," त्या म्हणाल्या.

मग संथ पावलं टाकत त्या पुढच्या रांगेत आल्या, प्राध्यापिकेशेजारी बसल्या आणि त्यांच्या वहीच्या कोऱ्या पानावर दोनशे अकराचा आलेख काढायला लागल्या.