शंभर दारांचं प्रवासवर्णन

आमच्या जरीपटका वस्तीच्या बुद्धविहारात एक वाचनालय आहे आणि वाचनालयात गोपाळराव आहेत. गोपाळराव एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी वाचनालय हाती घेतलं आणि ते एसटीसारखंच चालवलं. निरोपाच्या दिवशी डेपोनं त्यांना तिकिटं टोचायचा जुना पंच भेट दिला होता. कोणी पुस्तक नेलं की ते त्याच्या कार्डाला टक करून भोक पाडतात. माझ्या कार्डात आता कागद कमी आणि भोकं जास्त आहेत.

माझी बहीण मेघा हिंगण्याच्या एका कंपनीत बाटल्यांना लेबलं लावते. कंपनीची बस तिला सकाळी नेते, संध्याकाळी आणून सोडते. सुट्ट्या मिळतात त्या नातेवाइकांच्या लग्नांत संपतात. वाचनालयातली बेचाळीस प्रवासवर्णनं मात्र तिनं दोन-दोनदा वाचली आहेत, आणि त्रेचाळिसावं आपलं असावं, एवढीच तिची इच्छा आहे. छापलेलं नाही, हातानं काढलेलं. पण त्याच कपाटात.

पहिल्यांदा तिनं बसच्या खिडकीतून दिसणारा हिंगण्याचा रस्ता काढला. साठ पानं. गोपाळरावांनी चष्मा लावून सगळी पाहिली.

"रोज जाते?"

"हो काका."

"रोज वापस येते?"

"येतोच ना."

"मग याले ड्यूटी म्हणते वं. प्रवास नाही."

त्यांच्या रजिस्टरात प्रवासवर्णनासाठी एक खास रकाना आहे : 'प्रवासाचा पुरावा'. बेचाळीस पुस्तकांसमोर त्यांनी 'छापील आहे, म्हणून खरं' असं लिहिलं आहे. मेघाचं छापील नव्हतं. तेव्हा तिकीट लागणार.

घरी आल्यावर मेघा भिंतीकडे बघत बसली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "ऋषी, मले जाता येत नाही ना? मग गावंच इकडे येऊन राहिले नं दसऱ्याले."

हे खरं होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि जाताना पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. आमच्या विहाराचाही तिथल्या रस्त्यावर पुस्तकांचा स्टॉल असतो. मेघानं स्टॉलच्या कडेला एक खुर्ची मांडली, समोर दुसरी मांडली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं : 'तुमच्या दारातून काय दिसते? सांगा, वहीत काढतो.' शंभर पानांची वही होती. तीन दिवसांत शंभर दारं. नव्व्याण्णव चालणार नाहीत, असं तिनं मलाच बजावलं, जणू मी नव्व्याण्णवाच्या बाजूचा होतो.

पहिला तास कोणी आलं नाही. मग मी पुढं जाऊन नुसता उभा राहिलो. माझ्यामागे एक बाई उभी राहिली. तिच्यामागे आठ जण. दीक्षाभूमीवर त्या दिवशी जेवणाची रांग असते, पाण्याची असते, औषधांची असते. रांग दिसली की काहीतरी चांगलंच असणार, म्हणून लोक लागतात आणि पुढं गेल्यावर विचारतात. एक गृहस्थ तर खुर्चीत बसून शर्टाची बाही वर करून हात पुढं करून बसले. मेघानं त्यांचं बीपी घेतलं नाही, दार घेतलं.

हिंगोलीकडचा एक माणूस म्हणाला, "माझ्या दारातून शेजाऱ्याचं दार दिसतंय."

"उघडं का बंद?"

"बंद. तो इकडं आलाय ना."

"कुठे आहे?"

"हा काय, मागं उभाय."

मागच्याला त्याच्या दारातून याचं दार दिसत होतं. तेही बंद. मेघानं दोघांची दारं समोरासमोरच्या पानांवर काढली. वही मिटली की दारं एकमेकांना चिकटायची. दोघांनी वही आळीपाळीनं उघडून मिटून पाहिली. त्यांच्यात भिंतीवरून सात वर्षांचं भांडण होतं, हे नंतर कळलं. रांगेतही ते बोलत नव्हते, फक्त मागेपुढे उभे होते.

शेवटच्या दिवशी कळमेश्वरकडच्या रुखमाबाई आल्या. ऐंशीच्या असतील.

"माह्या दारातून कडुनिंब दिसे," त्या म्हणाल्या. "आता रोड दिसते. पण तू निंबच काढ."

मेघानं काढला. रुखमाबाईंनी तपासला. "हे फांदी अजून खाली. पोरं लोंबकळत तिले." मेघानं फांदी खाली आणली. "आता बरोबर. हे पुस्तक राहीन कुठं माय?"

"जरीपटक्याच्या विहारात, वाचनालयात. प्रवासवर्णनाच्या कपाटात," मेघा म्हणाली, आणि पत्ता लिहून दिला. तिनं शंभरच्या शंभर लोकांना तो पत्ता लिहून दिला होता. घर बांधायच्या आधी गृहप्रवेशाच्या पत्रिका वाटणाऱ्या माणसाकडे बघावं तसं मी तिच्याकडे बघत होतो.

पुढच्या रविवारी वही गोपाळरावांसमोर होती. ते एक-एक पान हळू उलटत होते.

"लय चांगलं आहे," ते म्हणाले. "पण तू कुठं गेली?"

"कुठंच नाही. खुर्चीवर होती."

"तिकीट?"

"खुर्चीले तिकीट राहते काय काका?"

"म्हणूनच म्हणतो. लहान पोरांच्या कपाटात ठेवू. चित्रं आहेत."

"नाही. याच कपाटात."

"हट्ट काहून करून राहिली वं?"

"हट्ट नाही. पत्ता दिला आहे मी लोकायले."

गोपाळरावांनी वही टेबलावर ठेवली. ना या कपाटात, ना त्या. मेघा दर रविवारी यायची, वहीवरची धूळ पुसायची आणि समोर बसून एखादं पुस्तक वाचायची. असे चार रविवार गेले. गोपाळराव तिला चहा द्यायचे, पण कपाटाची किल्ली द्यायचे नाहीत.

पाचव्या रविवारी दारात रुखमाबाई उभ्या. हातात पत्त्याची चिठ्ठी, मागे तोंड वाकडं केलेली नातसून.

"हे रितिका," रुखमाबाई धापा टाकत म्हणाल्या. "लग्न होऊन आली तं झाड तुटेल होतं. म्हणते, तिथं झाड नव्हतंच, आजीच्या मनात आहे. म्हटलं, चाल, दाखवतो."

मेघानं पान उघडलं. रुखमाबाईंनी बोट ठेवलं. "पाह्य."

रितिकानं पाहिलं. "आजी, हे तं काढेल आहे."

"मग? पुस्तकात कोणी खोटं काढते काय?" आणि त्या गोपाळरावांकडे वळल्या. "सांगा गा हिले."

गोपाळरावांनी आपल्या रजिस्टराकडे पाहिलं. बेचाळीस वेळा 'छापील आहे, म्हणून खरं'. मला वाटतं, त्या क्षणी ते थोडे अडकले. माणूस अडकला की सवयीवर जातो.

"कशानं आल्या?" त्यांनी विचारलं.

"एसटीनं."

"तिकीट?"

रुखमाबाईही सवयीच्याच. कमरेची पिशवी उघडून त्यांनी दोन तिकिटं काढली. त्यांच्या तिकिटावर शून्य रुपये होते. पंच्याहत्तरीपुढे एसटी फुकट नेते, पण तिकीट देते.

"शून्याचं आहे भाऊ. चालन?"

"शून्याचं असलं तरी तिकीट आहे," गोपाळराव गंभीरपणे म्हणाले. त्यांनी ते उजेडात धरलं, तारीख वाचली, पंच घेतला आणि टक केलं. मग डिंकाची बाटली उघडून ते कडुनिंबाच्या पानाच्या कोपऱ्यात चिकटवलं. रजिस्टर ओढून त्रेचाळीस नंबर टाकला. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं : 'लेखिका गेली नाही. वाचक आले. तिकीट जोडलं आहे.'

रितिका अजून पानाकडे बघत होती. "हे फांदी लय खाली आहे," ती म्हणाली.

"पोरं लोंबकळत तिले," मेघा म्हणाली, जणू ती तिथंच वाढली होती.

गोपाळरावांनी कपाट उघडलं. पण वही आत ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. त्यांनी बाकीची पानं अंगठ्यानं फरफर उलटली.

"बाकी नव्व्याण्णव?"

"येतील ना काका. पत्ता दिला आहे."

गोपाळरावांनी वाचनालयातल्या एकुलत्या एका बाकाकडे पाहिलं. त्यावर रुखमाबाई, रितिका आणि मी बसलो होतो आणि ते भरलं होतं.

"ऋषी," ते मला म्हणाले, "ऊठ गा. चाल, वरतून बाकं आणू."